भंडारा उधळण्यासाठी फ्यूजन: मोफत साधन कितपत पुरते?

खंडोबाच्या गाण्याचा व्हिडिओ भंडाऱ्यावाचून होत नाही, आणि भरपूर खरा भंडारा उधळून चित्रीकरण करणे छोट्या निर्मितीला झेपत नाही. पहिल्याच टेकमध्ये कलाकारांचे कपडे पिवळे होतात, पूड लेन्सच्या फटींत जाऊन बसते आणि दुसरा टेक घ्यायचा तर सर्वांना धुऊन-पुसून पुन्हा उभे करावे लागते. त्यामुळे मूठभर भंडारा प्रत्यक्ष उधळायचा आणि उरलेली उधळण संगणकावर करायची, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. या कामासाठी मी ‘डाविंची रिझॉल्व्ह’ या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतील फ्यूजन हा विभाग वापरतो; हे परीक्षण त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

फ्यूजन हे नवखे साधन नाही. ते पूर्वी टोरांटोच्या आयऑन सॉफ्टवेअर या कंपनीचे होते. २०१४ मध्ये रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी विकत घेतली आणि २०१८ च्या रिझॉल्व्ह १५ पासून फ्यूजन संकलनाच्याच सॉफ्टवेअरमध्ये एक स्वतंत्र पान म्हणून दाखल झाले. याचा रोजच्या कामातला फायदा मोठा आहे. टाइमलाइनवरील शॉटवर प्लेहेड ठेवून फ्यूजनच्या पानावर जावे, इफेक्ट करावा आणि परत येऊन संकलन पुढे चालू ठेवावे. मधल्या फाइली काढण्याची आणि पुन्हा आत घेण्याची कटकट उरत नाही.

फ्यूजनमध्ये उधळण उभी राहते ती असंख्य सूक्ष्म कणांमधून. या कणांची व्यवस्था समजायला सोपी आहे. पी-एमिटर कण जन्माला घालतो, पी-रेंडर त्यांचे चित्र तयार करतो आणि या दोहोंच्या मध्ये गुरुत्व, वारा, घर्षण, उसळी यांसाठीचे नोड, म्हणजे एकेक काम करणारे ठोकळे, हवे तसे जोडता येतात. एमिटरमधील ‘नंबर’ म्हणजे दर फ्रेमला जन्मणारे कण, हे ध्यानात ठेवावे. उधळण एका क्षणात व्हायला हवी असेल, तर मूठ उघडते त्या दोन-तीन फ्रेमपुरताच हा आकडा वाढवून लगेच शून्यावर आणणाऱ्या कीफ्रेम (ठरावीक फ्रेमला नेमून दिलेले आकडे) द्याव्या लागतात. अन्यथा हातातून भंडारा नव्हे, नळाचे पाणी वाहिल्यासारखे दिसते. कणाचे आयुष्यही फ्रेममध्ये मोजले जाते, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत १०० हे आयुष्य चार सेकंदांचे होते. ‘पॉइंट’ या शैलीतला कण एकाच पिक्सेलचा असल्याने तो पुडीसाठी निरुपयोगी आहे. त्याऐवजी ‘बिटमॅप’ शैली घेऊन पारदर्शक पार्श्वभूमीवरील धुरकट पुंजक्याचे चित्र जोडावे, आकारात विविधता ठेवावी आणि आयुष्याच्या अखेरीस कण विरत जाईल असे करावे.

भंडारा खरा दिसतो तो मात्र बलांमुळे. पूड हातातून वेगाने सुटते आणि हवेत पटकन अडते. म्हणून सुरुवातीचा वेग बराच ठेवून पी-फ्रिक्शनने तो चटकन मारावा लागतो, गुरुत्व अगदी नाममात्र ठेवावे लागते आणि त्यावर पी-टर्ब्युलन्सची हलकी घुसळण पुरते. भंडाऱ्याबरोबर उधळलेल्या खोबऱ्याच्या तुकड्यांचा हिशोब नेमका उलटा असतो. त्यांना घर्षण जवळजवळ नको, गुरुत्व पुरेपूर हवे आणि गरगर फिरणेही हवे. त्यासाठी दुसरा एमिटर घेणेच बरे. एकाच एमिटरमधून दोन्ही गोष्टी काढू गेल्यास पूड दगडासारखी पडते, नाही तर खोबरे पिसासारखे तरंगते.

एवढ्यापर्यंतचे काम इतरही सॉफ्टवेअर करतात, आणि आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरवर पर्टिक्युलरसारखे कणांचे प्लगइन घेतले तर तयार नमुने कितीतरी अधिक मिळतात, याबद्दल वाद नाही. परंतु कमी खर्चाच्या व्हिडिओत इफेक्ट उघडा पडतो तो कणांमुळे क्वचितच. तो पडतो मूळ चित्रात नीट न मिसळल्यामुळे, आणि फ्यूजन मुळातच कम्पोझिटिंगसाठी, म्हणजे वेगवेगळी चित्रे एकजीव करण्यासाठी, घडवलेले असल्यामुळे इथे ते उजवे ठरते. सर्रास दिसणारा दोष म्हणजे प्रत्येक कण-इफेक्ट ‘स्क्रीन’ मोडमध्ये, म्हणजे मागचे चित्र केवळ उजळवणाऱ्या मिश्रणात, टाकणे. ठिणग्या स्वतः प्रकाश देतात, त्यांना ते शोभते. भंडारा मागचा प्रकाश अडवतो, त्यामुळे स्क्रीन मोडमध्ये तो हळदीऐवजी पिवळ्या दिव्यासारखा चमकतो. पुडीसाठी मर्ज नोड (एक चित्र दुसऱ्यावर ठेवणारा) साध्या ‘नॉर्मल’ मोडमध्येच ठेवावा, आणि तिचा रंग बदलताना रंगाच्या नोडमधील ‘प्री-डिव्हाइड, पोस्ट-मल्टिप्लाय’ची खूण करावी, म्हणजे विरत्या कडांना काळपट किनार येत नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. सगळा भंडारा कलाकारांच्या पुढे टाकला की तो काचेवर फवारल्यासारखा दिसतो. नोडच्या रचनेत एक थर माणसांच्या मागे, एक पुढे आणि एक कॅमेऱ्यालगत, आउट ऑफ फोकस, असे तीन मर्ज सहज मांडता येतात. मागच्या थरासाठी माणसाभोवती पॉलिगॉनचा मास्क आखावा लागतो आणि फ्रेमगणिक आखण्याचे हे काम, म्हणजे रोटोस्कोपिंग, वेळखाऊ आहे, हे मान्य केले पाहिजे. कॅमेरा हातात धरून चित्रीकरण केले असेल तर हालचालीचा माग काढणाऱ्या ट्रॅकरने एमिटर मुठीला बांधावा. शेवटी चेहऱ्यांवर किंचित पिवळी झाक आणि पुडीवर मूळ फुटेजइतकेच ग्रेन (चित्रातला बारीक दाणेदारपणा) द्यावे. हे दोन फुटकळ वाटणारे टप्पे गाळले, तर आधीची सगळी मेहनत वाया गेलेली दिसते.

आग आणि दाट धूर यांसाठी मात्र फ्यूजनच्या कणांच्या नादी लागू नये. त्यांना द्रवगतीचे सिम्युलेशन लागते, आणि ते ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये २.८२ या आवृत्तीपासून आलेल्या मँटाफ्लो या व्यवस्थेने विनामूल्य करता येते. किंवा त्याहून सोपे म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर चित्रित केलेली खरी ज्वाळा आणून ती स्क्रीन मोडमध्ये बसवावी. दिवटीची ज्योत तर घरीच, अंधाऱ्या खोलीत, कॅमेरा स्टँडवर ठेवून टिपता येते.

गैरसोयींची बाजूही लहान नाही. कणांचे गणित सुरुवातीच्या फ्रेमपासून क्रमाने होत असल्याने टाइमलाइनवर मागे उडी मारली की ते पुन्हा करावे लागते, आणि कणांची संख्या मोठी असेल तर हे थांबणे चिडचिड करवते. आकडे ठरेपर्यंत कण थोडेच ठेवावेत आणि अखेरच्या रेंडरपूर्वी वाढवावेत. पहिल्या फ्रेमलाच हवेत पूड तरंगत असायला हवी असेल, तर पी-रेंडरमधील ‘प्री-जनरेट फ्रेम्स’ वापरावे. लेयरवर हात बसलेल्या संकलकाला नोडची मांडणी सुरुवातीला परकी वाटते. विंडोजवर फ्यूजन वापरायचे तर कंपनी ३२ जीबी मेमरी (रॅम) सुचवते. निम्म्या मेमरीवर काम होते, पण सुखाने होत नाही. लिनक्सवर मोफत आवृत्ती एच.२६४ या व्हिडिओ-स्वरूपाच्या फाइली वाचत नाही, त्यामुळे मोबाइलचे चित्रीकरण आधी रूपांतरित करून घ्यावे लागते.

मोफत आवृत्तीतून ३८४० बाय २१६० पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने व्हिडिओ काढता येतो, आणि त्यावर शिक्का (वॉटरमार्क) येत नाही. शिक्का उमटतो तो केवळ सशुल्क आवृत्तीपुरता राखलेला एखादा इफेक्ट लावला तर. सशुल्क ‘स्टुडिओ’ आवृत्तीची किंमत २९५ अमेरिकी डॉलर असून ती एकदाच भरायची असते. वर वर्णन केलेल्या भंडाऱ्यासाठी तिची गरज नाही. रात्रीच्या पालखीचे कमी उजेडातले फुटेज हाती असेल, तर तिच्यातील नॉइज रिडक्शन (चित्रातला दाणेदारपणा कमी करणारी सोय) खरोखर उपयोगी पडते. तशी निकड नसेल, तर मी हे पैसे आधी मेमरी वाढवण्यावर खर्च करीन.