लोक अदालतीत मिटलेली चेक बाऊन्सची केस: पाचपैकी चार तारे

वाशीच्या मसाला मार्केटात आमचा गाळा आहे. एका केटररचा ३ लाख ४० हजारांचा चेक परत आला, नोटीस गेली, कलम १३८ खाली केस लागली, मग नुसत्या तारखा. शेवटी बेलापूरला राष्ट्रीय लोक अदालतीत ३ लाख १० हजारांवर मिटलं. तेव्हापासून मार्केटात जो तो विचारतोय, "शेठ, तीस हजार सोडलेत?"

सोडले. केस चालवली असती तर काय हाती आलं असतं, तेही बघा की. कायदा म्हणतो, सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. इतक्यात सुटलेला माणूस मला अजून भेटायचाय. केस चालू असताना चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते, पण द्यायची की नाही ते कोर्ट ठरवणार. जिंकलो तरी पुढे अपील आहेच. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. शिवाय १३८ च्या केसमधला निवाडाही दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. पैसे बुडवले तर नवी केस नको, थेट वसुलीची दरखास्त.

लोक अदालतीच्या पॅनेलवरच्या मॅडमनी, केटररला दिलेली मिरची ओली होती की वजन कमी होतं, यात कुणाला शिरूच दिलं नाही. "आज किती देताय? बाकीचे कधी?" एवढंच. केटरर म्हणाला, "दिवाळीपर्यंत देतो." मी म्हटलं, "कुठल्या वर्षीची, तेही लिहून घ्या." पॅनेलवरचे वकीलसाहेबसुद्धा हसले.

खरी लढाई पुरसिसच्या, म्हणजे तडजोडीच्या अटी लिहून कोर्टात द्यायच्या कागदाच्या, मजकुरावर झाली. केटररच्या बाजूने लिहून आलं होतं, "सोयीनुसार तीन हप्त्यांत." ते आम्ही खोडायला लावलं. एक लाखाचा डिमांड ड्राफ्ट त्याच दिवशी, उरलेले पुढच्या दोन महिन्यांच्या १० तारखेला, आणि एक हप्ता जरी चुकला तर मूळ ३ लाख ४० हजार, ९ टक्के व्याजासकट, दिलेले वजा करून. ही ओळ नसती तर मी दोनच तारे दिले असते.

एक तारा कापला तो वकिलाच्या फीसाठी. ती केटररच्या गळ्यात मारता आली नाही.

दुसरा हप्ता वेळेवर आला. तिसऱ्याची तारीख टळली, तेव्हा त्या ओळीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. संध्याकाळी पैसे जमा.