पेजरवाला अलार्म की सिमवाला?

गाडीचोरीचे हे दोन्ही अलार्म वापरून झालेत, म्हणून लिहितो. सायरन, शॉक सेन्सर, सेंट्रल लॉकिंग दोन्हींत जवळजवळ सारखंच, ते सोडून देऊ. फरक आहे तो गाडीला हात लागल्याची खबर तुमच्यापर्यंत कशी येते यात. पेजरवाल्यात गाडी खिशातल्या रिमोटला (तोच पेजर) थेट रेडिओ सिग्नल पाठवते, सिमवाल्यात मोबाईल नेटवर्कवरून फोन करते.

पेजर वापरायला छान. रिचार्ज नाही, ॲप नाही, खबर क्षणात. गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी राहत असेल तर पुढचं वाचू नका, पेजरच घ्या.

आमची गाडी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर आणि घर चौथ्या मजल्यावर, पुढच्या अंगाला. खोक्यावर छापलेला पल्ला मोकळ्या माळावरचा असतो. बरेचसे संच ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि या पट्ट्यात विनापरवाना वापराला परवानगी असते ती अगदी थोड्या शक्तीची. मध्ये सळयांचं काँक्रीट आणि लिफ्टची खोली आली की त्यातलं उरतं किती? गाडीच्या काचेला धातूची फिल्म असेल तर आणखी कमी. मागच्या बाल्कनीत आमचा पेजर बोलायचा, बेडरूममध्ये मुका.

तेवढं मी चालवून घेतलं असतं. डोक्यात गेलं ते वेगळंच. पेजर गप्प आहे म्हणजे गाडी ठीक आहे, की पेजरला काही ऐकूच येत नाहीये? बटण दाबून विचारता येतं, पण जिथे शंका येते तिथूनच उत्तर येत नाही. काही मॉडेलं अधूनमधून संपर्क तपासतात आणि तुटला की पीप करतात. आमचं घर नेमकं पल्ल्याच्या काठावर, त्यामुळे पीप रात्रभर. शेवटी बायको त्याला कपाटात टॉवेलांखाली ठेवू लागली. तिथे रेंजचा प्रश्नच मिटला.

सिमवाल्याचेही नखरे आहेत. बेसमेंटमध्ये तोही आंधळा. रिचार्ज विसरलात की संपलं. स्वस्तातली काही यंत्रं अजून २जीवर चालतात, त्यांत जिओचं सिम उपयोगाचं नाही. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरीही थोडी थोडी खातो. पण माझ्या यंत्राच्या ॲपमध्ये शेवटचा संपर्क किती वाजता झाला ते दिसतं. वेळ जुनी दिसली की चप्पल घालून खाली जायचं, नाहीतर कूस बदलायची. माझ्यापुरतं म्हणाल तर एवढ्यावरच पारडं झुकलं. तुमची इमारत वेगळी असेल.

विम्यातल्या सवलतीला मात्र भुलू नका. एआरएआयची (वाहनं तपासणारी पुण्यातली संस्था) मान्यता असलेल्या यंत्राला ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात साधारण अडीच टक्के सूट मिळते, तीही ५०० रुपयांपर्यंतच.

तरीही पेजरच हवा असेल, तर बसवण्याआधी दुकानदाराकडे डेमो संच मागा. बेडरूमचं दार लावून बसा आणि कोणाला तरी खाली त्याची चाचणी घ्यायला सांगा. देत नसेल तर दुसरं दुकान बघा.