काच धुरकट झाली म्हणून मीटर बदलायला देऊ नका

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर ओढून शाकारल्या की इंजिनाबरोबर पॅनलचीही, म्हणजे इंजिनाचे मीटर बसवलेल्या फळीचीही कामं निघतात. वर्षभराच्या उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने मीटरच्या काचा आंधळ्या झालेल्या असतात, काटा नीट दिसत नाही. नेमका तेव्हाच कुणीतरी कारागीर लांबूनच बघून सांगतो, "शेठ, मीटर गेले. सेट बदलावा लागेल." नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, मालक हो म्हणतो. कोकणातल्या बंदरांवर बोटमालक असेच फसतात. पैसे जातात ते जातातच, पुढे इंजिनही जाऊ शकतं.

हो म्हणण्याआधी ओलं बोट काचेवर फिरवा. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा पांढरी झाली, तर खराबी फक्त बाहेरच्या थरात आहे, मीटरचा त्यात काही दोष नाही. बहुतेक मीटरची 'काच' अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची असते. आधी भरपूर गोडं पाणी ओतून मीठ विरघळू द्या. कोरडं पुसलंत तर मिठाचे कण चरे पाडतात. मग १५०० आणि नंतर २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला ठेवून घासायचा बारीक पॉलिश पेपर), पाण्यातच, हलक्या हाताने. शेवटी गाडीच्या हेडलाइटसाठी मिळणारं प्लास्टिक पॉलिश सुती फडक्याने चोळा. खरी काच असेल तर, आणि जीपीएस किंवा फिश फाइंडरच्या पडद्यावर, वॉटर पेपर अजिबात लावू नका.

याच कामात एक हातचलाखी चालते. काचेवर तेलाचा हात फिरवला की चरे भरतात आणि काच लखलखते. 'पॉलिश'चे पैसे घेऊन माणूस जातो, आठवड्यात काच होती तशी. थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरणारा त्याहून वाईट, कारण त्याने अ‍ॅक्रिलिकला कोळिष्टकासारख्या बारीक भेगा पडतात. त्या पुन्हा निघत नाहीत.

सकाळी काचेच्या आतून दव दिसतं आणि दुपारी उडतं, असं असेल तर सील गेलं आहे. मीटर काढून दोन-तीन दिवस ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, वाळल्यावरच सील करा. ओलसर मीटरवर सिलिकॉन फासून देणाऱ्याला थांबवा, ओल आतच कोंडते. त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तांब्याच्या तारा आणि जोडही गंजतात.

सगळ्यात घातक प्रकार बदललेल्या सेटचा. ऑइल प्रेशरचा मीटर एकटा काम करत नाही, इंजिनावरच्या सेंडरशी, म्हणजे दाब ओळखून मीटरला कळवणाऱ्या भागाशी, त्याची जोडी असते. युरोपीय पद्धतीच्या सेंडरमध्ये शून्य दाबाला विजेचा रोध साधारण १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम येतात. अमेरिकन पद्धतीत शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. म्हणजे चाल उलटी. कारागीर सेंडर जुना युरोपीयच ठेवतो आणि हाताला लागेल तो स्वस्त अमेरिकन मीटर बसवतो. मग तेलाचा दाब शून्य असताना काटा 'फुल'वर उभा राहतो. बेअरिंग घासत असतात आणि तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, सगळं ठीक दिसतं. तक्रार केली की सेंडरच्या जागी एक ठरावीक रेझिस्टर जोडून काटा मधोमध उभा करणारेही आहेत.

म्हणून काम देण्याआधी पॅनलच्या पुढून-मागून फोटो काढा, मीटरच्या पाठीवरचे नंबर आणि ओहमचे आकडे वाचता येतील असे. सेंडरची वायर सोडवून सेंडरचं टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यात मल्टिमीटर लावा. बंद इंजिनावर १० च्या आसपास आलं की २४० च्या, एवढ्यावरून कोणत्या जातीचा मीटर हवा ते कळतं. काम झाल्यावर चावी चालू, इंजिन बंद ठेवून बघा, ऑइलचा काटा शून्यावरच हवा. मग इंजिन चांगलं गरम होऊ द्या आणि आयडलवरून रेस वाढवा. काटा वर सरकला पाहिजे. जागचा हलला नाही तर तिथेच पॅनल उघडायला लावा.

जुने मीटर मागून घ्या. 'भंगार' म्हणून नेलेला चांगला मीटर काच चोळून दुसऱ्या बोटीवर नवा म्हणून बसतो.