नागपूरच्या मानेवाडा रोडवरची अभ्यासिका: भिंतीवरची जिद्द, खिडकीतला कूलर

आत शिरताच समोर सिंहाचा भलामोठा फ्लेक्स: ‘परिस्थितीला दोष देणं सोडा’. त्याच भिंतीला टेकून शेवटची रांग आहे आणि तिथे कूलरचा वारा पोचत नाही. दुपारी दोननंतर त्या रांगेतल्या निम्म्या सीट रिकाम्या असतात. खिडकीजवळची पोरं जास्त जिद्दीची असतात, असं काही नाही.

कूलर दोन आहेत, खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवलेले. हे बरोबर केलंय. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच दमट हवा फिरवत बसतो. पण समोरच्या खिडक्या ‘धूळ येते’ म्हणून बंद. जितकी हवा आत येते तितकीच बाहेर जायला वाट लागते. ती नसली की तासा-दोन तासांत कागद मऊ पडतो, घाम वाळत नाही आणि हॉलभर माणसांच्या श्वासाने डोकं जड होतं. मग येणाऱ्या झोपेला आळस म्हणतात! उपाय फुकट आहे: समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची. कूलरच्या जाळ्यांतल्या गवतावर क्षारांचा पांढरा थर चढलाय. पाणी खालपर्यंत उतरत नाही, तिथे गवत कोरडं राहतं आणि नेमकी तिथूनच झळ आत येते. या जाळ्या दर उन्हाळ्याआधी बदलायला हव्यात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा 45 च्या पुढे गेला तरी हवा कोरडी असते, म्हणून कूलर चालतो; जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की तो नुसता पंखा.

टेबल चांगलं, साधारण 75 सेंटिमीटर उंच, दोन पुस्तकं आणि वही उघडी राहील इतकं खोल. खुर्चीचे हात मात्र टेबलाच्या कडेला अडतात, मग माणूस पुढे वाकतो आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. बिनहाताच्या खुर्च्या आहेत, पण मागाव्या लागतात.

मोबाइलसाठी दाराशी लॉकर आहेत, आणि प्रत्येक टेबलावर चार्जिंग पॉइंटही! त्यामुळे लॉकर रिकामे. पॉइंट दाराजवळ नेले असते तर सूचनांचे चार कागद चिकटवायची गरज पडली नसती.

या जागेची खरी कमाई वेगळीच आहे. फलकावर सकाळी सहा लिहिलंय आणि सहाला शटर वर जातं, रविवारीसुद्धा. राखीव सीटवर दुसरं कोणी बसलेलं नसतं. हे किरकोळ वाटतं, पण अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात 28 लहान मुलांवर केलेला, 2013 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. निम्म्या मुलांना संशोधकाने आधी दिलेला शब्द पाळला, निम्म्यांच्या बाबतीत मोडला. मग समोर गोड खाऊ ठेवून ‘थांबलात तर आणखी एक’ असं सांगितलं. ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, दुसरी 3 मिनिटं. म्हणजे संयमही समोरचा माणूस किती भरवशाचा आहे हे बघूनच टिकतो. बारा वाजता अचानक ‘आज बंद’ म्हणणाऱ्या अभ्यासिकेत वेळापत्रक पाळायला कोण कशाला झटेल?

दुसरा फ्लेक्स ‘21 दिवसांत सवय’ सांगतो. तो काढलेलाच बरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून आपल्यातच खोट आहे असं समजून भरलेली फी वाया घालवू नका.

जिद्दीला काम उरतंच. परीक्षा पुढे ढकलली, निकाल अडकला, घरून लग्नाचा तगादा लागला. तेव्हा कूलर कामाचा नाही. पण रोजचे दहा तास जिद्दीवर रेटायचे, ही उधळपट्टी झाली.

सीट घेण्याआधी एक दिवस बसून बघा, तेही दुपारी दोन ते पाच. सकाळी सगळ्याच अभ्यासिका छान वाटतात. इन्व्हर्टरवर कूलर चालतो की फक्त दिवे, ते विचारा. उन्हाळ्यात तीन महिन्यांची फी एकदम भरू नका. पावसाळ्यात शेजारचा एसी हॉल घ्यायची वेळ येते आणि इथे पैसे परत मिळत नाहीत.