क्रॅपीसाठी मिनो की जिग?

ओहायोत नुकत्याच राहायला गेलेल्या भाच्याचा फोन: "मामा, शनिवारी संध्याकाळी तळ्यावर क्रॅपी पकडायला जातोय. जिवंत मिनो घेऊ की जिग?" दुकानदार दोन्ही गळ्यात मारेल, म्हणून हा हिशेब. क्रॅपी हा तिथल्या तळ्यातला मासा, मिनो म्हणजे आमिषाला लावायचे छोटे मासे, आणि जिग म्हणजे जड डोक्याचा गळ असलेलं कृत्रिम आमिष.

खर्चात जिग स्वस्त वाटतं, एकदा घेतलं की झालं. पण क्रॅपी असते बुडालेल्या फांद्यांत, आणि काठावरून टाकलेलं जिग अडकतंही तिथेच. एका संध्याकाळी माझी चार गेली. मिनो दर खेपेला नवे घ्यायचे, बादली वागवायची, आणि पाणी तापलं की निम्मे मरतात.

मेहनत मिनोला कमी. पाठीच्या कण्यावरून बारीक तारेचा गळ टोचायचा, बॉबर (पाण्यावर तरंगणारी खूण) लावायचा, बसायचं. जिग औंसाच्या सोळाव्या भागाइतकं हलकं, ते अगदी सावकाश ओढावं लागतं. नवख्याचा हात इथेच घाई करतो. आमिष कुठलंही असो, माशाच्या जरा वर ठेव. क्रॅपी वर बघत खाते. ओठ कागदासारखे, हिसका दिलास की फाटून सुटलीच.

अंधारल्यावर मात्र बॉबर दिसत नाही. जिगला बसलेली टकटक दोरीतून थेट बोटाला कळते, मला तर त्यातच मजा.

त्याच तळ्यात मिळणाऱ्या ब्लूगिल या छोट्या मासळीचं तोंड एवढंसं. तिला गांडुळाचा तुकडा.

लेकीला सोबत नेणार असशील, तर मिनो. एकटाच काठाकाठाने फिरणार असशील, तर जिग. परवाना आधी काढ, तिथे वयाच्या १६ पासून लागतो.