फुटलेला कुकर कंपनीच्या माणसाच्या हाती देऊ नका

कुकर फुटून घरात कुणी भाजलं की दोन-चार दिवसांत एक नेटका, गोड बोलणारा माणूस दारात येतो. दुकानातून, सर्व्हिस सेंटरमधून किंवा थेट कंपनीतून आलोय म्हणतो. पेशंटची चौकशी करतो, हळहळतो. मग मुद्द्यावर येतो: "वहिनी, हा पीस तपासणीसाठी फॅक्टरीत पाठवावा लागेल. तोवर हा नवा पाच लिटरचा ठेवून घ्या, औषधपाण्याला थोडे पैसेही देतो. इथे एक सही करा आणि मोबाइलवर ओटीपी येईल तेवढा सांगा." घरातलं एक माणूस दवाखान्यात, दुसरं डबा घेऊन धावतंय, स्वयंपाकघराच्या छताला अजून डाळ चिकटलेली. अशा वेळी तो वाकडा झालेला कुकर घरातून जातोय याचं सगळ्यांना बरंच वाटतं.

फसवणूक इथेच पुरी होते, पुढचं सगळं कागदोपत्री. सही केलेल्या कागदावर बारीक अक्षरात 'फुल अँड फायनल सेटलमेंट' आणि 'यापुढे कोणताही दावा नाही' असं असतं. ओटीपी सांगितल्यावर कंपनीच्या नोंदीत तक्रार 'बदली वस्तू स्वीकारली' म्हणून बंद होते. दीड-दोन महिन्यांनी ईमेल येतो की तपासणीत उत्पादनात दोष आढळला नाही, ग्राहकाने डुप्लिकेट रिंग वापरली होती, कुकर दाब असताना उघडला. तो पीस परत मागितला तर उत्तर ठरलेलं: नियमानुसार भंगारात काढला. आता दोष होता की नव्हता हे सांगणारी एकमेव वस्तू जगात उरलेली नाही, आणि तिच्याबद्दलचा एकमेव अहवाल कंपनीचाच आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, कलम 82 ते 87. हा कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. 1986 च्या जुन्या कायद्यात असं वेगळं प्रकरण नव्हतं. कलम 84 प्रमाणे उत्पादक पाच कारणांनी जबाबदार ठरतो: बनवण्यात दोष, रचनेत दोष, ठरलेल्या मापाबरहुकूम वस्तू नसणं, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणं, आणि धोका टाळण्यासाठी पुरेशा सूचना किंवा इशारा न देणं. यातलं कोणतं कारण लागू पडतं ते तक्रारदारालाच दाखवावं लागतं. कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे म्हणजे काही सिद्ध करावं लागत नाही, हा समज चुकीचा आहे आणि महाग पडतो.

कलम 38 नुसार, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर ग्राहक आयोग, म्हणजे जिथे ग्राहकाची तक्रार चालते ते न्यायपीठ, वस्तूचा नमुना घेतो, सील करतो आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवाल 45 दिवसांत यायचा असतो. प्रयोगशाळेचं शुल्क तक्रारदाराने भरायचं असतं. पण सील करायला वस्तूच नसेल तर हे सगळं कलम नुसतं वाचायचं.

म्हणून पहिलं काम: कुकर धुवायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण घर आवरताना कुणीतरी सवयीने तो घासून उलटा घालतं. शिट्टीखालच्या नळीत डाळीचा फेस अडकला होता की नळी मोकळी होती, हा पुढच्या भांडणाचा गाभा आहे. नळी तुंबली असेल तर कंपनी म्हणते साफ केली नव्हती. मोकळी असेल आणि तरीही झाकण उडालं असेल, तर प्रश्न कंपनीला पडतो. सेफ्टी व्हॉल्व पाहा: त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. कुकर आतून कोरडा पडून तापला की तो वितळून वाफ सोडायची असते. तो जसाच्या तसा असेल तर तसा फोटो हवा, वितळला असेल तरी हवा. मग रिंग: फाटली की कडेवरून बाहेर आली, कडक झाली होती की नरम. आणि सगळ्यात बोलकी जागा म्हणजे झाकण ज्या खाचांत अडकतं त्या खाचा. एकच खाच वाकली की सगळ्या, हँडलचा स्क्रू तुटला की उपटला, हँडल बंद स्थितीत होतं की अर्धवट. 'दाब असताना जबरदस्तीने उघडला' हा आरोप बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरवर हमखास होतो. त्याला खोडणारा किंवा दुजोरा देणारा पुरावा याच जागी असतो.

फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. एकेका भागाचा जवळून एक, लांबून एक. ओट्याचे, शेगडीचे, छताचेही काढा. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरलेला फोटो लहान होतो आणि कधी काढला ही माहिती त्यातून निघून जाते. मग सगळे तुकडे, रिंग आणि शिट्टीसकट, खोक्यात घालून चिकटपट्टीने बंद करा. पट्टीवर तारीख घाला, घराबाहेरच्या दोघा शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. इथे कुणाला वाटेल फारच झालं. होऊ दे.

कंपनीला तपासायचंच असेल तर तिचा माणूस घरी येऊन, तुमच्यासमोर, व्हिडिओ चालू असताना पाहू शकतो. न्यायचाच आग्रह असेल तर एकच उत्तर लेखी द्यावं: "वस्तू पुरावा म्हणून जपून ठेवली आहे, आयोगाच्या आदेशाने प्रयोगशाळेत पाठवू."

दवाखान्याच्या बाजूने दोन गोष्टी हमखास राहून जातात. केसपेपरवर 'भाजले' एवढंच लिहिलं जातं. 'प्रेशर कुकर फुटून भाजले' असं कारण लिहून घ्या, आणि डिस्चार्ज कार्डावर भाजल्याची टक्केवारी व जागा आहे ना ते बघा. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवण्याची नोंद, झाली असेल तर तिचा नंबर घ्या. जखमेचे फोटो पहिल्या दिवसापासून दर दोन-चार दिवसांनी काढत राहा, कारण सहा महिन्यांनी आयोगासमोर उभं राहताना डाग उरतो, वेदना दिसत नाही.

आता दावा कुणी करायचा. बिल सासऱ्यांच्या नावावर आणि भाजली सून, असं झालं की दुकानदार म्हणतो, "ग्राहक तुम्ही नाहीच." हे खोटं आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच असते. लग्नात आहेर म्हणून आलेला कुकर असो, किंवा तो हाताळणाऱ्या स्वयंपाकाच्या मावशी असोत, संमतीने वापर हाच निकष. मृत्यू झाल्यास वारस दावा करू शकतात. पोळीभाजी केंद्र किंवा डबे करणाऱ्या बाईंना 'व्यावसायिक वापर' म्हणून उडवून लावलं जातं. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू त्या अपवादात मोडत नाही. मोठ्या हॉटेलाचं प्रकरण वेगळं.

वॉरंटी संपली, हे दुसरं पेटंट वाक्य. वॉरंटी म्हणजे वस्तू बिघडली तर दुरुस्त करून देण्याचं वचन. तुमचा हात भाजल्याची भरपाई त्या कार्डावर अवलंबून नसते. कायद्यातल्या 'हानी'च्या व्याख्येत शारीरिक इजा, आजार, मृत्यू, त्यासोबतचा मानसिक त्रास आणि इतर मालमत्तेचं नुकसान येतं. खुद्द त्या वस्तूचं नुकसान त्यात नाही. म्हणून कुकरची किंमत वेगळ्या मागणीत लिहायची. ती याच शीर्षकाखाली घुसवली की समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. भरपाईत औषधांची बिलं, पुढची त्वचारोपणाची शस्त्रक्रिया, बुडालेली मजुरी, घरकामाला ठेवलेल्या बाईचा पगार, रिक्षाभाडं, फुटलेली शेगडी, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत घाला. एकरकमी 'वीस लाख द्या' म्हटलं की आयोग आपल्या अंदाजाने कापतो.

गैरवापराच्या बचावाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. कलम 87 मध्ये तो बचाव विक्रेत्याला शब्दशः दिला आहे: इजा झाली तेव्हा वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. व्यवहारात उत्पादकही तीच ढाल पुढे करतो. त्यात दम असतोच, नाही असं नाही. कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, डाळ-तांदूळ असतील तर निम्म्यापर्यंतच, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही. चाळीस रुपयांची बिननावाची रिंग किंवा सेफ्टी व्हॉल्व लावला असेल तर दावा खरोखर कमकुवत होतो. असा व्हॉल्व योग्य तापमानाला वितळेलच याची खात्री कुणी देत नाही. सुटे भाग कंपनीचेच घ्या आणि त्या किरकोळ रकमेचंही बिल मागा. बिल नसेल तर यूपीआयची नोंद तरी ठेवा.

दुकानदार मात्र दरवेळी 'मी फक्त विकतो' म्हणून सुटत नाही. उत्पादक कोण हेच कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर कलम 86 प्रमाणे विक्रेता जबाबदार. स्वतःहून वेगळी हमी दिली असेल, वस्तूत बदल केला असेल किंवा जोडणी-तपासणीत हयगय केली असेल तरीही. इथे आयएसआय चिन्ह कामाला येतं. घरगुती प्रेशर कुकरला आयएस 2347 या भारतीय मानकाप्रमाणे हे चिन्ह फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएसच्या, म्हणजे हे चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोच्या, 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कुठल्या पत्त्याचा, चालू की संपलेला हे दिसतं. नाव जुळत नसेल तर चिन्ह खोटं. त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा आणि त्याच अॅपवरून बीआयएसकडेही तक्रार टाका.

ऑनलाइन घेतलेल्या कुकरचं पान अपघातानंतर गायब होऊ शकतं. त्याच दिवशी वस्तूचं वर्णन, विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि ऑर्डर क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं. 'आम्ही नुसते मध्यस्थ' हे उत्तर 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मान्य केलं नव्हतं. मानकाप्रमाणे नसलेले 2,265 प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल प्राधिकरणाने अॅमेझॉनला 1 लाख रुपये दंड, कुकर परत मागवणं आणि ग्राहकांना पैसे परत करणं असा आदेश दिला. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

तक्रार कुठे करायची याचा निकष म्हणजे वस्तूसाठी मोजलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे दोन हजारांच्या कुकरपायी पंधरा लाख मागितले तरी तक्रार जिल्हा आयोगातच जाते, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क शून्य. कंपनीचं मुख्यालय चेन्नईला असलं तरी तुम्ही सांगलीत राहत असाल तर सांगलीतच दाखल करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. वकील सक्तीचा नाही, पण गंभीर इजा असेल आणि प्रयोगशाळेच्या अहवालावर वाद होणार असेल तर तिथे कंजुषी नको. 1915 ही हेल्पलाइन कंपनीला हलवायला उपयोगी आहे. तिथे नोंदवलेली तक्रार म्हणजे आयोगातला दावा नव्हे.

तक्रारीची मुदत तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. 'वरिष्ठांकडे पाठवलंय', 'पुढच्या आठवड्यात कळवतो' असे ईमेल चालू राहिले म्हणून ही मुदत थांबत नाही. काही कंपन्या याच हिशेबाने वेळ काढतात. पुरेसं कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. तडजोड करायचीच असेल तर आयोगात तक्रार टाकून तिथल्या मध्यस्थीत करा, म्हणजे ती नोंदली जाते. कागदावर पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा राखून ठेवा.

आणि सही झाली, ओटीपी गेला, कुकरही गेला, असं आधीच घडलं असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन या विम्याच्या प्रकरणात सांगितलं की नुसत्या पावतीवर सही केली म्हणून ग्राहकाचा हक्क संपत नाही. मात्र ती सही फसवून, दिशाभूल करून किंवा दबावाने घेतली हे ग्राहकाने दाखवलं पाहिजे. म्हणून आजच्या आज ईमेल आणि स्पीड पोस्टाने लेखी कळवा: सही कोणत्या तारखेला, कुणी, काय सांगून घेतली, त्या वेळी पेशंट कुठे होता, कागद वाचायला दिला होता का. त्याच पत्रात कुकर आहे त्या स्थितीत परत मागा आणि तो नष्ट करू नये असं बजावा. नवा कुकर वापरू नका, मिळालेली रक्कम परत करण्याची किंवा भरपाईतून वळती करण्याची तयारी लिहा. तक्रार दाखल करतानाच, कलम 38 प्रमाणे वस्तू हजर करण्याचा आदेश मागणारा अर्ज जोडा. असे आदेश द्यायला आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तुमचं पत्र पोचल्यानंतर कंपनीने कुकर भंगारात काढला असेल, तर तो हजर केला असता तर कंपनीच्याच विरोधात गेला असता, असं धरून चालण्याची विनंती आयोगाला करता येते. पत्राची पोच तारखेनिशी हातात असली, तरच त्या विनंतीला वजन येतं.