लॅपटॉप टीव्हीला जोडून आठ महिने : खालच्या पट्टीची कैफियत

टीव्हीचा एक पोर्ट, म्हणजे लॅपटॉपची वायर घालायची जागा, बंद पडला म्हणून बोलावलेल्या सर्व्हिसवाल्याला काल 590 रुपये दिले. 500 त्याच्या येण्याचे, 90 जीएसटी. त्याने केलं काय? रिमोट हातात घेतला, टीव्ही फॅक्टरी रिसेट केला (म्हणजे माझी सगळी सेटिंगं पुसली), "पोर्ट गया अंकलजी, बोर्ड बदलना पड़ेगा" म्हणाला आणि आईने पुढे केलेले पोहे खाऊन गेला. पोह्यांचं मला काही नाही, इंदुरात पोहे कुणालाही देतात. रिसेटचं आहे. त्यात टीव्हीवर दिसणारी माझ्या लॅपटॉपची खालची पट्टी, स्टार्टचं बटण आणि घड्याळ असते ती, पुन्हा कापली गेली, म्हणून हे लिहायला बसलोय.

सामान आधी सांगतो, नाहीतर कुणीतरी "स्मार्ट टीव्ही घ्या ना काका" म्हणणारच. टीव्ही 2016 चा, 43 इंची, फुल एचडी, स्मार्ट नाही. लॅपटॉप 2015 चा, पाचव्या पिढीचा आय-थ्री, मुलगी पुण्याला नोकरीवर जाताना इथेच टाकून गेली. विंडोज 11 त्यावर चढत नाही, इंटेलची निदान आठवी पिढी मागतं. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, तेव्हा बँकेचं काम त्यावरून बंद केलं. बाकी कीबोर्डचं एक बटण सोडलं तर मशीन ठणठणीत आहे. चालणारी वस्तू भंगारात द्यायला माझा हात धजत नाही.

रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, मोठ्या पडद्यावर बघावी, एवढाच मूळ हेतू. गुडघ्यांमुळे दोन वर्षं जाणं झालेलं नाही. माळ्यावर जुन्या मॉनिटरची निळ्या टोकाची व्हीजीए वायर पडली होती, ती जोडली. चित्र लगेच आलं, थोडं पुसट, पण या काठापासून त्या काठापर्यंत पूर्ण. त्या वायरीतून आवाज जात नाही, म्हणून हेडफोनच्या भोकातून वेगळी वायर टीव्हीच्या 'पीसी ऑडिओ'त घातली. गेर बघितली, आईने पडद्याला नमस्कार केला (का, ते विचारलं नाही), खर्च शून्य.

वायर मात्र जेमतेम दोन हातांची. प्रत्येक वेळी उठून टीव्हीपाशी स्टुलावरच्या लॅपटॉपला हात लावायचा. तेव्हा जेल रोडला जाऊन पाच मीटरची एचडीएमआय आणली, चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी वायर. दुकानदार 550 म्हणाला, 350 ला दिली. "फोर-के वाली ले लो" असा आग्रह चालला होता, ती 900 ची. फुल एचडी टीव्हीला तिचा उपयोग नाही. सोन्याच्या मुलाम्याच्या टोकांनी रंग खुलतात हेही ऐकून घेऊ नका. यातून जातात ते आकडे. वायर कमअस्सल निघाली तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा मधेच काळोख होतो, पण रंग फिके पडत नाहीत. माझी 350 ची आठ महिने एकदाही चमकलेली नाही.

आता पट्टी. एचडीएमआय लावली आणि विंडोजची खालची पट्टी गायब. अगदी गायब नाही, वरची कड तेवढी दिसत होती, दाराच्या फटीतून दिव्याची रेघ दिसावी तशी. स्टार्टचं बटण कुठे आहे ते अंदाजाने दाबायचं. कोपऱ्यातलं घड्याळ नाही. वर खिडकी बंद करायची फुली नाही. मी बसून हिशोब केला. पडदा 1920 बाय 1080 ठिपक्यांचा. टीव्ही चारही बाजूंनी साधारण अडीच टक्के कापतो, म्हणजे खालून 27 ठिपके. विंडोजची पट्टी 40 ठिपक्यांची. उरले 13. तेरा ठिपक्यांत माणसाने काय वाचावं?

आणि फक्त विंडोजचं असतं तर एक वेळ सोसलं असतं. 8 डिसेंबर 2011 ला आमच्या होळकर स्टेडियमवर सेहवागने 149 चेंडूंत 219 केले, तेव्हा गावात असून मी ऑफिसात होतो. ती खंत भरून काढायला तो डाव लावला, तर खालचा धावफलक अर्धा कापलेला. सेहवाग मारतोय आणि किती झाले ते दिसत नाही.

यामागचं कारण कळल्यावर तर आणखीच चिडचिड झाली. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीमागे दडवायचे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पिक्चर ट्यूब गेली, सवय राहिली. एचडीएमआयमधून आलेलं चित्र म्हणजे टीव्हीचंच असणार असं धरून हे महाशय आपलं कापतात. व्हीजीएतून आलेलं कापत नाहीत, कारण ती कॉम्प्युटरची वायर हे त्यांना ठाऊक आहे. 1987 सालच्या वायरीला पूर्ण चित्र दाखवता येतं आणि 2002 ची कापून दाखवते, आणि जुनाट आम्ही!

कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, लॅपटॉपचं रेझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, कमी करा. केलं. आता पट्टी मोठी झाली आणि मोठीच कापली गेली. मग लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये चित्र आक्रसून घ्यायची सोय सापडली. तीन आठवडे त्यावर काढले, पण अक्षरं मळकट दिसायची. दिसणारच. आधी शर्ट आटवायचा, मग ओढून-ताणून अंगावर चढवायचा.

खरा उपाय टीव्हीतच होता. लॅपटॉप सुरू असताना, तोच इनपुट पडद्यावर असताना, मेनूत पिक्चर, त्यात ॲस्पेक्ट रेशो, त्यात '16:9' च्या खाली 'डॉट बाय डॉट'. तुमच्याकडे 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' असेल. सेट-टॉप बॉक्स लावून शोधत होतो तोवर तो पर्याय राखाडी होता, दाबलाच जात नव्हता, म्हणून मी तिकडे बघितलंच नव्हतं. दाबला आणि पट्टी वर आली. घड्याळ दिसलं. हिला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "घड्याळ भिंतीवर आहे की."

बाकीचं भराभर सांगतो. विंडोजचं बटण आणि पी दाबलं की चार पर्याय येतात, त्यातला फक्त दुसऱ्या पडद्याचा घ्या. डुप्लिकेट ठेवलंत तर टीव्हीही लॅपटॉपच्या 1366 बाय 768 वर उतरू शकतो, माझा उतरला. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून टीव्हीचं नाव निवडा. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, ते पॉवरच्या सेटिंगमध्ये बदलता येतं. आणि त्या इनपुटला टीव्हीच्या मेनूत 'पीसी' असं नाव देऊन बघा. माझ्याकडे त्याने काळ्यावरची लाल अक्षरं फुटायची थांबली. नुसत्या नावाने काय होणार म्हणून महिनाभर दिलं नव्हतं.

मे महिन्यात मुलीला मी फोनवर सांगत होतो की एचडीएमआय हा फसलेला प्रकार आहे. ते शब्द मागे घेतो. एका वायरीत चित्र आणि आवाज, लॅपटॉप दिवाणाशेजारी, हातात माऊस. पावसाळाभर आईने यूट्यूबवर कीर्तनं ऐकली. लग्नाच्या कॅसेटची सीडी करून ठेवली होती, ती लावल्यावर गल्लीतल्या चार काकू जमल्या. 350 रुपयांत याहून जास्त काय मागायचं?

दिवाळीच्या साफसफाईत मात्र माती खाल्ली. लॅपटॉपच्या ॲडॅप्टरला तीन पिनांची वायर आहे, पण बोर्डावर जागा नव्हती म्हणून ती मी दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसली होती. अर्थिंग तिथेच तुटलं. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या यायच्या. थोड्या झिणझिण्यांना कोण घाबरतं? सगळं चालू ठेवूनच एचडीएमआय उपसली, पुसलं, परत लावताना बारीकशी ठिणगी दिसली. पहिला पोर्ट कायमचा काळा. अर्थिंग नसलं की तो गळका विजेचा दाब वायरीच्या टोकातून वाट शोधतो, आणि टीव्हीचा पोर्ट नाजूक असतो. तेव्हा दोन्ही बाजू बंद करून, भिंतीवरची बटणंही बंद करून मगच वायर काढा-घाला. हा दोष टीव्हीचा नाही, माझाच. सर्व्हिसवाल्याने त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. अर्थिंग बघितलं नाही, लॅपटॉपला हात लावला नाही. बोर्डाचे साडेसहा हजार सांगितले आणि रिसेट.

मी लॅपटॉप दुसऱ्या पोर्टवर आधीच हलवला होता. तिथे डॉट बाय डॉट नव्याने करावं लागलं, कारण माझ्या टीव्हीत ते दर पोर्टचं वेगळं असतं. केलं होतं. त्याने जाताना पुसलं. काल रात्री पुन्हा केलं, दोन मिनिटं लागली, पण 590 देऊन वर ते काम मीच का करायचं?

आता राहिलाय एक घोळ. दुसऱ्या पोर्टवर सेट-टॉप बॉक्स असायचा, तो लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींवर आणलाय. आई म्हणते, मालिकेतले सगळे ताप आल्यासारखे दिसतात. एका पोर्टात तीन वायरी लावायचा छोटा स्विचर मिळतो, बटण दाबून आलटून पालटून बघता येतं. आज संध्याकाळी जेल रोडला गेलो होतो. दुकानदार साडेचारशे म्हणाला, मी तीनशे. तो चारशेवर आला आणि तिथेच अडला. मी स्कूटर सुरू करून थोडा वेळ उभा राहिलो. त्याने हाक मारली नाही.